विरजण

"औषध पास की नापास, एवढंच सांगा," डॉ. चारुलता औसेकर म्हणाल्या.

"तेच सांगता येत नाही, मॅडम. पेपर फुटलाय," फिरोज मणियार म्हणाले.

फिरोज संख्याशास्त्रज्ञ होते आणि सहसा विनोद करत नसत. पण लातूरच्या त्या किशोर-स्वास्थ्य प्रयोगशाळेत पेपर फुटण्याची भाषा शिपायालाही कळली असती. अख्खं शहर परीक्षांवर जगत होतं. स्टेशनापासून बायपासपर्यंत शिकवणीवर्ग, त्यांच्या मागे वसतिगृहं आणि मधल्या रस्त्यांवर चहाच्या गाड्यांइतक्याच समुपदेशकांच्या पाट्या. सतराव्या वर्षी झोप उडणं, घास न उतरणं, प्रश्नपत्रिका हातात पडली की डोळ्यांपुढे अंधारी येणं, ही इथली साथच होती. डेंग्यूला निदान पावसाळा लागतो. हिला बारा महिने चालत.

या साथीवर औसेकरांनी औषध काढलं होतं. त्याचं नाव निर्भयाणू.

निर्भयाणू हा प्रयोगशाळेत घडवलेला जीवाणू. तो माणसाच्या तोंडात आणि आतड्यात बिऱ्हाड करतो आणि तिथून एक द्रव्य रक्तात सोडत राहतो. त्यानं माणूस बेडर होत नाही. साप दिसला तर तो उडी मारतोच. पण साप म्हणून भुई धोपटत बसण्याची जी खोड तरुण मेंदूला असते, ती सुटते. गोळी चघळायची, आठवडाभर रोज एक. नंतर जीवाणू आपलं आपण बघून घेतो.

प्रयोग अक्षरबाग या मुलींच्या वसतिगृहात चालू होता. तिथल्या चौसष्ट मुलींपैकी निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशाच रंगाची, तशाच चवीची फसवी गोळी दिली होती. कुणाला कोणती, हे फक्त फिरोजच्या संगणकाला ठाऊक. प्रत्येकीच्या मनगटावर भयमापक पट्टी होती. घाम आणि नाडी यांवरून ती शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवी. तो भयांक.

आता पडद्यावर दोन रेषा होत्या. खरी गोळी घेणाऱ्या मुलींचा भयांक जूनमधल्या सत्तरवरून तिशीच्या खाली आला होता. फसवी गोळी घेणाऱ्यांचा रेंगाळत, पण तिथंच आला होता.

"दोन्ही गटांत फरक नाही, म्हणजे नियमानं औषध नापास," फिरोज म्हणाले. "पण शेजारच्या वसतिगृहात आपण काहीच दिलेलं नाही, नुसत्या पट्ट्या बांधल्यात. तिथं परीक्षा जवळ येईल तसा भयांक चढतोय. मग आपल्याकडे फसव्या गोळीवर मुली शांत कशा झाल्या?"

"गोळ्यांची अदलाबदल?"

"नर्ससमोर चघळायची होती. शक्य नाही."

औसेकरांनी पडद्यावरच्या दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सगळ्या मुलींच्या तोंडातले नमुने घ्या. फसव्या गोळीवाल्यांचेसुद्धा."

नमुन्यांचे निकाल आले तेव्हा फिरोजचा चेहरा उतरला होता. फसव्या गोळीवाल्या मुलींच्या तोंडांत निर्भयाणू सुखानं नांदत होता.

"हा पसरत नाही असं आपणच प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या परिषदेला लिहून दिलंय," ते म्हणाले. "हवेतून जात नाही, पाण्यात मरतो. कुटुंबांमध्ये तपासलं होतं आपण."

"कुठल्या कुटुंबांमध्ये?"

"पुण्याच्या सोसायट्यांमधली होती. ज्याचं त्याचं ताट, वाढायचा चमचा वेगळा."

औसेकरांना हसू आलं. "फिरोज, तुमच्या घरी दही कसं लावतात?"

"दही? अम्मी दूध कोमट करते आणि विरजण घालते."

"आणि विरजण संपलं तर?"

"शेजारच्या ठोंबरेकाकूंकडून आणते."

"पातेलंभर?"

"नाही हो, चमचाभर. चमचाभर घातलं की सगळं दूध..." फिरोज थांबले. त्यांनी हळूच डोक्याला हात लावला.

"साधी गोळी दोघींनी वाटून खाल्ली तर प्रत्येकीला अर्धी मिळते," औसेकर म्हणाल्या. "आपलं औषध जिवंत आहे. ते वाटून घेतलं तर दोघींना पूर्ण मिळतं. चमचाभर लाळ पुष्कळ झाली, थेंबही पुरेल. फक्त उष्टं खायला हवं. आणि अक्षरबागेत दुसरं काय चालतं?"

अक्षरबागेत दुपारी अंगतपंगत चालायची. औसा, निलंगा, चाकूर, उदगीर अशा दहा दिशांनी बॅटरीवर धावणाऱ्या एसट्या येत. रस्ते बदलले, गाड्या बदलल्या, पण लेकीचा डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायची रीत काही मोडली नव्हती. स्टँडवरून सगळे डबे एकाच क्रेटमधून वसतिगृहात येत. मग मुली दालनात गोल बसत, मधे मोठी परात ठेवत आणि तिच्यात सगळं एकत्र करत. ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, शेंगाचटणी, कुणाची वांग्याची भाजी, कुणाचं वरण. मग दहा-बारा हात त्या परातीत. अशा पाच-सहा पराती असत आणि मुली आज इथं तर उद्या तिथं बसत.

औसेकरांना हे पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. दर रविवारी मुलींची तपासणी झाली की त्याही मांडी घालून परातीशी बसत. इतकं रुचकर जेवण त्यांच्या घरी होत नसे. आणि हल्ली गॅस बंद केला का हे बघायला त्या अर्ध्या वाटेतून परत जात नसत, याचं कारणही आता त्यांना उमगलं. त्यांनी कपाटातून एक पट्टी काढून स्वतःच्या मनगटावर बांधली. भयांक चोवीस.

"मीही तुमच्या आकड्यांत आले की," त्या फिरोजना म्हणाल्या, आणि दोघं हसले.

निर्भयाणू दर पिढीला किंचित बदलतो, त्यामुळे तो कुणाकडून कुणाकडे गेला हे शोधता येतं. फिरोजनी तो वंशरेषांचा नकाशा काढला. प्रत्येक मुलगी एक ठिपका आणि उष्ट्याचं नातं म्हणजे रेघ. कोण कुणाची जिवाभावाची, कुणाचं बिनसलं, कोण कुणाच्या डब्यावर टपून असते, सगळं त्यात दिसत होतं. त्रेसष्ट ठिपके रेघांनी गच्च विणलेले होते आणि एक ठिपका कडेला, एकही रेघ नसलेला.

"यशोधरा सोनकांबळे," फिरोजनी वाचलं. "फसवी गोळी, जीवाणू नाही, भयांक ब्याऐंशी. मॅडम, आपण वाचलो!"

"ते कसं?"

"ही मुलगी म्हणजे आपला नियंत्रण-गट. तेच छप्पर, तेच शिक्षक, तीच परीक्षा, फक्त निर्भयाणू नाही. सगळ्यांचा आकडा उतरला आणि हिचा चढला. एक तर एक, पण पट्टी मिनिटामिनिटाला मोजतेय. परीक्षेपर्यंत ही अशीच राहिली तर औषध काम करतं हे सिद्ध होईल."

परिषदेलाही तसंच वाटलं. औषध पसरतं हे पालकांना कळवावं लागलं. एकानंही तक्रार केली नाही. उलट धाकट्यासाठी एखादी गोळी मिळेल का, अशीच विचारणा आली. ते कशानं पसरतं, हे मात्र परिषदेनं परीक्षेपर्यंत गुप्त ठेवायला सांगितलं. मुलींना समजलं तर त्यांचं वागणं बदलेल आणि एकुलता एक नियंत्रण-गट हातचा जाईल. परीक्षा तीन महिन्यांवर होती.

एका मुलीनं तीन महिने एकटीनं जेवावं, अशी ती अट होती. शब्द वेगळे होते इतकंच. एरवी अशा अटीपुढे औसेकरांनी रात्रभर येरझाऱ्या घातल्या असत्या, दहा जणांना फोन केले असते. त्या दिवशी त्यांनी सही केली आणि रविवार होता म्हणून जेवायला गेल्या. परातीशी बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वळवून पाहिलं. यशोधराचा डबा त्याच क्रेटमधून आला होता. तो घेऊन ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती आणि डब्याच्या झाकणात भाजी वाढून घेत होती.

"ती का येत नाही?" त्यांनी रेक्टर लीलाबाईंना विचारलं.

"अबोल आहे हो पोरगी. सारखं डोकं पुस्तकात," लीलाबाई म्हणाल्या आणि लोणच्याची बरणी शोधायला उठल्या.

पुढच्या महिन्यात सराव-परीक्षेत यशोधरा चक्कर येऊन पडली. त्याआधी दोन रात्री ती झोपली नव्हती. जूनपासून तिचं वजन सात किलोनं उतरलं होतं आणि केस मूठमूठ गळत होते. समुपदेशन चालू होतं, पण पट्टी ऐंशीखाली येत नव्हती. फिरोजच्या पडद्यावर तो दिवस एका सुंदर उंच टोकासारखा उमटला. ते टोक बघताना औसेकरांना भीती वाटली नाही. पण आपण डॉक्टर आहोत आणि आपल्याला हवी तशी एक मुलगी आजारी पडते आहे, एवढं त्यांना स्वच्छ दिसलं.

त्या सरळ वसतिगृहाच्या आजारी-खोलीत गेल्या. यशोधरा उशीला टेकून जीवशास्त्राच्या टिपणांवर नजर फिरवत होती.

"ठेव ते. मला तुला काही सांगायचंय," औसेकर म्हणाल्या आणि परिषदेची अट बाजूला सारून त्यांनी सगळं सांगितलं. फसवी गोळी, परात, उष्टं, नियंत्रण-गट.

यशोधरानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सप्टेंबरातच कळलं होतं मॅडम मला."

"कसं काय?"

"आधी निम्म्याच पोरींचे आकडे उतरले, त्यात ईश्वरीचा. मग तिच्या उजवीकडं बसती त्या गार्गीचा. मग डावीकडच्या दोघींचा. ज्या परातीवर ईश्वरी जाऊन बसायची, तिथल्या पोरी आठ दिवसांत हसायला लागायच्या. सगळ्या एकमेकींना आकडे दाखवत हिंडत्यात ना. मी कट्ट्यावरून बघते. जेवताना दुसरं काय बघावं माणसानं?"

"मग तू घेतलं का नाहीस? नुसता एक घास..."

"कुठून घेऊ? जेवण झाल्यावर पराती घासायला मोरीत ठेवत्यात, अर्धा तास पडून असत्यात. एकदा गेल्ते मी तिथवर. बोट पण पुढं केलं." ती थांबली. "आले परत. कुणी हाक मारली असती तर गेले असते. चोरून उष्टं खायचं न्हाई, आमची आई म्हणती."

"त्या का बोलवत नाहीत तुला?"

"मॅडम, आडनाव सोनकांबळे आहे माझं. तुम्हाला काय सांगायचं?" तिच्या आवाजात राग नव्हता. "ईश्वरीनं सांगितलं होतं की पहिल्याच आठवड्यात. रडत होती बिचारी. म्हणली, मला काही वाटत न्हाई गं, पण घरी कळलं तर आजी डबा बंद करती, बाबा नाव काढून नेत्यात. मला लई भीती वाटती. मग मीच तिला म्हणलं, राहू दे. भीतीपुढं कोण काय करणार? भीती काय असती ते मला माहिती आहे."

ही गोष्ट औसेकरांच्याही कानावर आली होती, पण आकडा तेवढा टिपून त्या ती विसरून गेल्या होत्या. जूनच्या मुलाखतीत ईश्वरी पाटील हेच म्हणून हमसून रडली होती आणि तिचा भयांक तेव्हा शहात्तर होता. आता त्यांना एकदम हुरूप आला. गाठ सुटल्यासारखंच होतं हे! भीती होती म्हणून बोलावणं नव्हतं. ईश्वरीची भीती तर त्यांच्याच औषधानं कधीच गेली होती. नुसतं कुणी आठवण करून द्यायला हवं होतं. यशोधराला परातीवर बोलावलं की औषधही मिळेल आणि हाकही. प्रयोग गेला तर जाऊ दे.

"मी आलेच," त्या म्हणाल्या.

ईश्वरी गच्चीत वही घेऊन फेऱ्या मारत होती. गोरीगोमटी, हसरी, सगळ्यांना मदत करणारी मुलगी. सराव-परीक्षेत यशोधरा पडली तेव्हा पाणी घेऊन सगळ्यांत आधी हीच धावली होती.

"ईश्वरी, जूनमध्ये तू म्हणाली होतीस, यशोधराला जेवायला घेतलं तर घरचे काय म्हणतील याची भीती वाटते. आठवतं?"

"हो मॅडम. किती रडले होते मी!" ईश्वरी हसली.

"आता वाटते भीती?"

ईश्वरीनं खरोखर विचार केला. आजी डोळ्यांपुढे आणली असावी, बाबा आणले असावेत. मग तिनं पट्टीकडे पाहिलं आणि मनगट पुढे केलं. भयांक एकवीस. "न्हाई हो. अजिबात न्हाई. आजी बोलंल चार दिवस आणि गप बसंल. त्यात काय भ्यायचं?"

"मग उद्यापासून बोलव ना तिला परातीवर."

ईश्वरी पुन्हा विचारात पडली. औसेकर तिच्या मनगटाकडे बघत होत्या. आकडा हलला नाही.

"नको मॅडम," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "तिचं पाणी, औषध, नोट्स, काही पण सांगा, मी करते. पण एका परातीत... नको वाटतं. आमच्यात तसं न्हाई ना." आणि मग, औसेकर अजून मनगटाकडेच बघताहेत हे पाहून, "भीतीबिती काही न्हाई हां मॅडम. तुम्ही काळजी करू नका."

आकडा अजूनही एकवीसच होता.

औसेकर जिना उतरल्या. बेरीज-वजाबाकीत त्या कधी चुकत नसत. सहा महिने त्यांनी एका वसतिगृहातून भीती वजा केली होती, अगदी स्वच्छ, तळापर्यंत. भीती गेल्यावर खाली जे शिल्लक होतं, ते आत्ता त्यांना गच्चीवर दाखवलं गेलं होतं, हसतमुखानं. जूनमध्ये ईश्वरी खोटं बोलली नव्हती. तिलाही तेव्हा तसंच वाटत होतं. आणि दर रविवारी त्या स्वतः कुठल्या परातीवर बसत होत्या? त्यांना कोणत्या आजीची भीती होती? कट्टा परातीपासून दहा पावलांवर होता. सही करून त्या जेवायला बसल्या तेव्हा प्रयोग जपण्याचं कारण तरी होतं. त्याआधीचे सगळे रविवार मात्र बिनकारणाचे होते. त्यांना लाज वाटली, कान तापेपर्यंत. लाजेवर निर्भयाणूचा काही इलाज चालत नव्हता, हे त्यांनी स्वतःवरच पडताळून पाहिलं. औषधाच्या शीतकपाटातून एक खरी गोळी घेऊन त्या आजारी-खोलीत परतल्या.

यशोधरा उठून बसली होती. दुपारचा डबा उशाशी तसाच होता.

"विचारलंत ईश्वरीला?"

"विचारलं."

"भितीच ना ती घरच्यांना अजून?"

या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला औसेकरांना भीती वाटली नाही. पण त्या मुलीनं सहा महिने ज्या एका समजुतीवर एकटीनं घास गिळले होते, ती आपल्या हातानं काढून घ्यायची नव्हती त्यांना.

"हो," त्या म्हणाल्या. "भिते अजून."

यशोधरानं त्यांच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. बराच वेळ ती डब्याची कडी उघडत राहिली आणि लावत राहिली.

"एकवीस आहे मॅडम तिचं," ती शेवटी म्हणाली. "सकाळी पाणी द्यायला आली तेव्हा बघितलं मी."

बाहेर कुणीतरी मोठ्यानं आवर्त सारणी पाठ करत होतं. यशोधरानं दोनदा डोळे पुसले आणि नाक ओढलं. औसेकरांनी गोळी तिच्यापुढे धरली.

"ही खरी आहे, पूर्ण आहे. कुणाची उष्टी नाही. घ्यायची की नाही ते तू ठरव. रोज एक अशी आठवडाभर घेतलीस तर चक्कर येणार नाही, झोप लागेल, पेपर लिहिशील. बाकीच्याला माझ्याकडे औषध नाही."

"आणि तुमचा प्रयोग?"

"संपला तो. काय शोधायचं ते सापडलं."

यशोधरानं गोळी उलटसुलट करून पाहिली आणि तोंडात टाकली. ती नीट, सावकाश चघळत राहिली. मग तिनं डबा उघडला. वरच्या पुडात भाकरी होती, खालच्यात घट्ट, किंचित पिवळसर दही.

"आईनं लावलंय," ती म्हणाली. "आजीच्या वेळेला आमच्या वस्तीला गावातून कुणी विरजण द्यायचं न्हाई. मग ती दुधात लाल मिरचीची देठं टाकायची. आई अजून तसंच लावती. वेळ लागतो, पण लागतं."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला आणि डबा औसेकरांच्या दिशेनं सरकवला.

"जेवता का मॅडम?"

औसेकरांनी चपला काढल्या आणि मांडी घालून तिच्यासमोर पलंगावर बसल्या. दही जरा आंबट होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत खाल्लं.